राखलेला हात

‘अंगलेख मूळ कलावंताची हालचाल जशीच्या तशी पुन्हा घडवतो. त्यात भर पडत नाही, वजाबाकी होत नाही. सबब, श्री. दौलत कांबळे यांचा मृत्यू हा मूळ कलावंत श्रीमती सगुणा इंगवले यांच्या कलात्मक निवडीचा परिणाम असून, व्यवस्थापन संस्थेवर त्याची कोणतीही जबाबदारी येत नाही.’

चौकशी समितीच्या एकशे बारा पानी अहवालाचा हा शेवटचा परिच्छेद. वाक्ये तीन. पहिले खरे आहे, दुसरेही खरे आहे. तिसरे ‘सबब’ या शब्दाने सुरू होते आणि प्रेत त्या शब्दाखाली पुरलेले आहे.

दौलत कांबळे मुंबईतल्या एका चित्रणगृहात मेला, तेव्हा सगुणा इंगवले तिथून तीनशे ऐंशी किलोमीटरवर, कोल्हापुरात, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसली होती. तोंडात कापसाचे तीन बोळे होते. त्या अवस्थेत तिने जी कलात्मक निवड केली असे समितीला वाटते, ती उजवीकडची दाढ काढायची की ठेवायची एवढीच होती. समितीत पाच सदस्य होते. दोन न्यायाधीश, दोन अभियंते आणि एक निर्माता. उभ्या आयुष्यात मार खाल्लेला त्यांत एकही नव्हता. ही उणीव कुणाला जाणवली नाही, कारण मार खाणे ही विद्या आहे हेच त्यांच्या गावी नव्हते.

अंगलेख म्हणजे काय हे आता शाळेतली पोरेही जाणतात. तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत पोचते ती विजेच्या बारीक तरंगांच्या रूपाने. कलावंताला अकराशे संवेदकांची एक पातळ अंगी चढवतात. ती हे तरंग सेकंदाला दोन हजार वेळा टिपून घेते. ही टिपणी म्हणजे अंगलेख. पुढे तशीच अंगी दुसऱ्या कुणाला चढवली आणि लेख उलट दिशेने त्याच्या स्नायूंत सोडला, की त्याचे शरीर मूळ कलावंतासारखे हलते. ज्याने जन्मात लाठी धरली नाही, तो वस्तादाच्या सफाईने ती फिरवतो. त्याची स्वतःची इच्छा त्या वेळी काय करत असते? बघत असते. ‘थांब’ ही आज्ञा मेंदूतून निघून स्नायूने ती मानेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, आणि चांगला वार त्याआधीच संपलेला असतो.

या शोधाने नट आणि त्याची संस्था यांचे नाते मुळापासून उलटले. पूर्वी संस्था नटाला काम मिळवून द्यायची. पटले नाही तर नट दुसऱ्या संस्थेत जायचा आणि जाताना आपले शरीर बरोबर घेऊन जायचा. ती सोय आता उरलेली नाही. लेख संस्थेच्या तिजोरीत राहतो. जाते ते फक्त माणूस.

सगुणा ‘सप्तकोन’ या संस्थेची कलावंत होती. वय एकोणचाळीस. मर्दानी खेळाच्या तालमीत ती आठव्या वर्षी शिरली आणि पुढे पंधरा वर्षे पडद्यावर तिने शेकडो माणसे लाठीने लोळवली. त्यांतल्या एकाच्याही अंगावर ओरखडा उठला नाही, कारण तिची खरी विद्या मारण्याची नव्हती, राखण्याची होती. वार पुऱ्या वेगाने जायचा आणि कातडीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर थिजायचा. याला ‘हात राखणे’ म्हणतात.

समोरच्याची विद्या याहून अवघड. त्याने मान मागे घ्यायची नाही, पुढे द्यायची. मारणारा त्या दिलेल्या मानेवरून अंतर मापतो. मान कचरली तर माप चुकते आणि राखलेला हातही लागतो. दौलत कांबळे या विद्येतला पहिल्या नंबरचा माणूस. सगुणाच्या लाठीखाली तो बारा वर्षे मेला होता, कधी दरोडेखोर म्हणून, कधी मोगल सरदार म्हणून, एकदा तर एकाच चित्रपटात चार वेळा, चार वेगवेगळ्या मिशा लावून. कोल्हापुरात मार खाणारी तीसएक माणसे होती आणि मान पुढे द्यायला त्या सगळ्यांना दौलतनेच शिकवले होते.

त्या दिवशी अंगी चढवली होती ईशान वर्तक या नायकाने. लेख सगुणाचा, वार क्रमांक सतरा, एकट्या उजव्या हाताचा : कानशिलावर उलटा, मग गळ्यावर, मग खाली पडत्याच्या मस्तकावर. चित्रणगृहाच्या ध्वनिमुद्रणात दौलतचा आवाज आहे. हात कुणाचा, असे त्याने विचारले. सगुणाताईंचा, असे कुणीतरी सांगितले. त्यावर तो हसला. “मग काय,” तो म्हणाला, “घरचंच काम हाय.” आणि त्याने मान पुढे दिली.

पहिल्या वाराने कानशिलाचे हाड आत गेले. दौलत उभ्या जागी अर्धा वळला. डोळ्यांत वेदनेपेक्षा नवलच अधिक होते. ईशान किंचाळला, पण हात त्याचा नव्हता. दुसऱ्या वाराने कंठ फुटला. ईशान रडत होता, डाव्या हाताने उजव्याला ओढत होता, ‘बंद करा’ म्हणून ओरडत होता. आणि त्याचा उजवा हात, तीस वर्षांच्या तालमीत घोटलेल्या डौलात, वर गेला, क्षणभर तोलला गेला आणि तिसऱ्यांदा खाली आला. कारण लेखात वार तीन होते. भर पडली नाही, वजाबाकी झाली नाही.

अहवाल आला त्याच आठवड्यात ‘सप्तकोन’चे प्रमुख शशांक रेगे स्वतः कोल्हापूरला आले. पांढराशुभ्र सदरा, हळू आवाज, पायांतले बूट दाराबाहेर काढण्याची आठवण. ते सगुणाच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसले आणि तिची परिस्थिती त्यांनी एखाद्या आजाऱ्याला पथ्य सांगावे तशी समजावून दिली. तिचा करार महिनाअखेर संपत होता. अकरा दिवस उरले होते. तिने तो पुढे चालू ठेवला आणि अहवाल मान्य असल्याच्या निवेदनावर सही केली, तर संस्था तिच्या पाठीशी उभी राहील, चूक अनवधानाची ठरेल, खटला होणार नाही. ती दुसऱ्या संस्थेत गेली, तर अहवाल पोलिसांकडे जाईल. लेख मात्र दोन्ही प्रकारे ‘सप्तकोन’कडेच राहील, आणखी वीस वर्षे. पुढच्या सहा महिन्यांत एक्केचाळीस चित्रणे त्या लेखावर ठरलेली होती.

लेख रद्द करता येत नाही का, असे तिने विचारले.

“येतो की,” रेगे म्हणाले. “कायद्यात सोय आहे. कपटाने घेतलेला असेल तर. पण ताई, कपट कुठलं? यंत्रात तुमचाच हात गेला, तुमचाच हात बाहेर आला.” मग चहाचा कप खाली ठेवून ते समजुतीने हसले. “तुम्ही राहिलात काय, गेलात काय, हात तर आमच्याकडेच आहे. उगाच अंगावर का ओढवून घेता?”

ते गेल्यावर तिने दौलतने शिकवलेल्या माणसांना एकेक करून फोन लावले. माझ्या लेखासमोर उभे राहू नका, मान पुढे देऊ नका, असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. बहुतेकांनी एकच विचारले : तुमचाच हात हाय न्हवं, ताई? आणि तिला नाही म्हणता आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती दौलतच्या घरी गेली. त्याची बायको नंदा अंगणात भांडी घासत होती. सगुणाला पाहून ती उठली. हातातली पितळी परात तिने उचलली आणि दोन्ही हातांनी सगुणाच्या तोंडावर हाणली. सगुणाची भुवई फाटली. दुसऱ्यांदा परात उगारली गेली तेव्हा आसपासच्या बाया धावल्या, पण त्या पोचण्याआधी सगुणाने जे केले ते पाहून नंदाचाच हात ढिला पडला. तिने मान पुढे दिली होती.

“असंच उभं ऱ्हायला का गं त्यो?” नंदाने विचारले.

सगुणाने होय म्हणून मान हलवली. रक्त पापणीवरून ओघळून हनुवटीला आले होते.

“त्यो म्हनायचा,” नंदा खाली बसत म्हणाली, “सगुणाताईच्या हातात मान दिली तर तिथंच झोप लागंल. लागली बघ.” मग परात पुन्हा राखेने घासत, ती म्हणाली, “तुजा हात न्हाई त्यो. मला ठावं हाय. पर मला ठावं असून काय उपेग? कागदावर तुजं नाव हाय.”

सगुणाच्या भुवईला पाच टाके पडले. ते ओले असतानाच ‘नवमेघ’ या प्रतिस्पर्धी संस्थेच्या इरावती सबनीस तिला भेटायला आल्या. बाई हुशार होत्या, बोलण्यात ओलावा होता. रेग्यांना त्यांनी नाव घेऊन खाटीक म्हटले. ‘नवमेघ’ तिच्यासाठी वकील देईल, अहवालाला आव्हान देईल. तिने फक्त करार करावा आणि नवा लेख द्यावा. जुना ‘सप्तकोन’कडे राहिला तर राहू दे. नवा अधिक चांगला निघाला की जुन्याला विचारतो कोण?

“पण तो लेख माणूस मारतो, बाई,” सगुणा म्हणाली.

त्याची काळजी नको, असे बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे सुरक्षेचे नियम कडक होते. लेख घेताना तर त्या जिवंत माणूस समोर उभाच करत नसत, पुतळा ठेवत. विम्याला सोयीचे पडते. निर्णय सवडीने घ्या, असे सांगून, भुवईला लावायचे एक परदेशी मलम ठेवून त्या गेल्या.

सगुणाच्या मनात ‘नवमेघ’कडचे पारडे झुकले होते. फक्त एक गोष्ट तिला आधी हवी होती : पुरावा. तिची खात्री होती की तिच्या लेखातून राखण काढून टाकली गेली. तसा संशय घ्यायला शास्त्राचा आधारही होता. हात पुढे फेकणारे स्नायू वेगळे, त्याला आवरणारे वेगळे. राखलेल्या वारात आवरणाऱ्या स्नायूंचा तरंग वार पोचण्याच्या पुष्कळ आधी, वार सुटतानाच, निघालेला असतो. म्हणजे राखणे हे शेवटच्या क्षणी सुचलेले शहाणपण नव्हे. ते वाराच्या गर्भातच असते. कुणीतरी तो तरंग पुसला असणार.

नियमाप्रमाणे कलावंताला आपल्या लेखाची एक प्रत मागता येते. ती घेऊन सगुणा विद्यापीठातून निवृत्त झालेले चेताशास्त्रज्ञ प्रा. यशोधन करंदीकर यांच्याकडे गेली. प्राध्यापकांनी चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी त्यांनी तिला पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. वरची, हात फेकणाऱ्या स्नायूंची, डोंगरासारखी उसळलेली. खालची, आवरणाऱ्या स्नायूंची, सपाट.

“पुसली ना?” तिने विचारले.

“पुसली असती तर खूण राहिली असती. कातरलेल्या जागी शिवण दिसतेच. मी प्रत्येक ठिपका तपासला.” त्यांनी चष्मा काढला. “सगुणाबाई, यातून कुणी काही काढलेलं नाही. राखण यात नव्हतीच. हा वार तुम्ही मारायलाच मारला आहे.”

टेबलावर प्राध्यापकांचा जाड काचेचा पेपरवेट होता. तिने तो उचलला आणि आपल्याच उजव्या हाताच्या बोटांवर आणला. प्राध्यापकांनी मनगट धरले म्हणून तीन बोटे वाचली. करंगळीचे नख गेले. इतके दिवस साप म्हणून भुई धोपटणे चालले होते. साप आपल्याच बाहीत निघाला, असे तिला वाटले असल्यास त्यात नवल नाही. समितीचा निष्कर्ष शब्दशः खरा होता. दौलतला तिच्याच हाताने मारले होते.

हे तोंड घेऊन जाण्याजोगी एकच जागा उरली होती. वस्ताद हैदर शिकलगार एक्क्याऐंशी वर्षांचे होते. तालमीच्या ओट्यावर बसून दांडपट्ट्याच्या पात्याला तेल लावत होते. तिची फाटलेली भुवई आणि बांधलेली करंगळी त्यांनी पाहिली. तिने सगळे सांगितले. हात राखला नाही, का राखला नाही ते कळत नाही, बहुधा आतून मीच खुनी असेन, असेही म्हणाली.

वस्तादांनी पाते उन्हाकडे धरून पाहिले.

“कशावर मारलंस?” त्यांनी विचारले.

“म्हंजे?”

“लेख का फेख दिलास, तवा म्होरं कोन हुतं? मानूस का गवताचा बावला?”

“बावला,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या तोंडचे पाणी पळाले.

तालमीचा पहिला नियम तिला आठव्या वर्षी याच ओट्यावर, पाठीत वेताची छडी खाऊन, शिकवला गेला होता : निर्जीवावर हात राखायचा नाही. बावल्यावर राखलेला हात खोटा होतो. मग तो माणसापुढेही खोटेच राखतो, आणि एक दिवस घात करतो. बावल्याला मारायचे ते जिवानिशी. माणसापुढे राखायचे ते जिवापाड. लेख देताना ‘सप्तकोन’ने तिच्यासमोर गवताचा पुतळा ठेवला आणि तिने तीस वर्षांच्या इमानाने त्याचे डोके उडवले होते. तिला वावगे वाटले नाही. तालमीतल्या कुणालाच वाटले नसते. मात्र तिच्या आधी तिथे लेख दिलेल्या दोघा तलवारबाजांनी तिला सांगितले होते की त्यांच्यासमोर माणसे उभी केली होती. हे तेव्हा कानावरून गेले, आता आठवले.

“पन त्येला ठावं हुतं की,” वस्ताद म्हणाले. “तुजा त्यो पांढऱ्या सदऱ्याचा कंपनीवाला. लेखाच्या आधी आठ दिवस हितं आलता. दोन तास बसला. लई इचारलं त्येनं. हात कवा राखायचा, कवा न्हाई. मला वाटलं, शिकलेला मानूस, इद्येची कदर हाय. सगळं सांगितलं म्या. वर च्या पाजला.” त्यांनी पाते खाली ठेवले. “त्या पोराचं मरान माज्या तोंडातनं गेलं, सगुणा.”

सगुणाला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम समजल्या. पहिली, रेग्यांनी काय केले. दुसरी, सबनीसबाईंचा पुतळा विम्यासाठी नव्हता. हल्लीचा प्रेक्षक दृश्याच्या चहूबाजूंनी फिरून पाहतो; राखलेला वार त्याला हवेत अडखळलेला दिसतो. पुरा गेलेला वार मात्र खरा दिसतो. मार खाणारा वीतभर मागे उभा असला की मधले अंतर संगणक भरून काढतो. दोन्ही संस्थांना तिचा तोच हात हवा होता ज्यात माणूस नाही. एका खाटिकाकडून दुसऱ्याकडे जाण्याला बकऱ्याच्या भाषेत संस्था बदलणे म्हणतात.

महिनाअखेरच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती पंचगंगेपलीकडच्या ‘सप्तकोन’च्या अंगलेखशाळेत गेली. सही करायला येते, असे तिने कळवले होते. रेगे कागद घेऊन हजर होते. अंगलेखाच्या दालनात दिवा लागला की चित्र आणि ध्वनी दोन्हींचे मुद्रण आपोआप सुरू होते. कलावंताचा उसासासुद्धा फुकट जाऊ नये म्हणून ही व्यवस्था रेग्यांनी स्वतः केलेली होती. तिने सही त्याच दालनात करायची इच्छा सांगितली. नाव लावण्याआधी आपला हात एकदा आपल्या अंगावर घालून बघायचा आहे, असेही म्हणाली. रेग्यांना त्यात हरकत दिसली नाही. कलावंत भावुक असतात.

तिने अंगी चढवली. लाठी घेतली. वार सतरा लावायला सांगितला आणि सुरू करण्याची कळ पायाशी घेतली. समोर गवताचा पुतळा होता. तिने कळ दाबली. तीन वारांत पुतळ्याचे डोके भिंतीवर जाऊन आपटले आणि गवत रेग्यांच्या सदऱ्यावर उडाले. ते कौतुकाने हसले.

“आता तुम्ही उभे ऱ्हावा,” सगुणा म्हणाली.

ते हसतच होते. “मी काय नट आहे, ताई?”

“अहवालात लिवलंय, भर न्हाई, वजाबाकी न्हाई. हात माजाच हाय. माज्या हातानं पंधरा वर्सांत कुनाला ओरखडा न्हाई. मग भ्या कशाचं?”

रेगे तीन पावले मागे गेले. मुद्रणात ती तीन पावले स्पष्ट दिसतात; समितीच्या एकशे बारा पानांत जे नाही ते त्या तीन पावलांत आहे. त्यांचा हात दाराच्या कडीकडे गेला, पण सगुणा त्यांच्याकडे गेलीच नाही. तिने बिनडोक्याच्या पुतळ्याच्या खांद्याच्या वर, जिथे कानशील असायला हवे होते तिथे, आपला डावा हात आडवा धरला. मग पायाने कळ दाबली.

तिने उजवा हात राखण्याची शिकस्त केली. गळ्याच्या शिरा तटतटल्या, दात दातांवर घासले, तीस वर्षांची तालीम तिने त्या एका दंडात ओतली. सेकंदाचा पाचवा हिस्सा तिला पुरला नाही, जसा ईशानला पुरला नव्हता. पहिल्या वाराने डाव्या हाताची दोन्ही हाडे मोडली. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. मोडलेला हात खाली गळ्याच्या जागी आला; तिने तो काढला नाही. दुसऱ्या वाराने हाड कातडीबाहेर आले. रेगे काहीतरी ओरडले. तिसऱ्याच्या आधी उजवा हात डौलात वर गेला, क्षणभर तोलला गेला, आणि तेवढ्या क्षणात सगुणाने त्याच्याकडे, परक्या माणसाकडे पाहावे तसे, पाहिले. मग तो खाली आला.

यापुढचा क्रम नोंदवणे आवश्यक आहे, कारण रेग्यांच्या वकिलांनी पुढे धाकाचा मुद्दा काढला होता. सगुणाने लाठी जमिनीवर ठेवली. अंगीचे बंद तिने दातांनी सोडले. ती भिंतीला टेकून खाली बसली. दारापासून दूर, रेग्यांपासून सहा हात लांब. डाव्या कोपराखालून रक्त गवतावर ठिबकत होते. दाराला कुलूप नव्हते. रेग्यांना जायचे असते तर ते जाऊ शकत होते.

“मला माजाच हात राखता आला न्हाई,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण मुद्रणात नीट ऐकू येतो. “तुम्ही वस्तादांच्याकडं दोन तास कशाला बसला हुता?”

रेग्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. मग ते खाली वाकले, आपला रुमाल तिच्या दंडाला आवळून बांधला, आणि बांधता बांधता, एखाद्या हट्टी मुलीला समजावावे तशा स्वरात, तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांना ते उत्तर गुन्ह्यासारखे वाटले नाही. हे त्यांच्या बाजूने सांगता येण्याजोगे एकमेव सत्य आहे.

त्या उत्तरावर लेख रद्द झाला, एक्केचाळीस चित्रणे थांबली, आणि दौलतच्या तीस माणसांच्या माना जागच्या जागी राहिल्या. सगुणाने ‘सप्तकोन’ सोडली आणि ‘नवमेघ’ला नकार कळवला. तिचा डावा हात पुन्हा सरळ झाला नाही. ती आता वस्तादांच्या ओट्यावर मुलींना एका हाताने लाठी शिकवते आणि पहिल्या दिवसापासून समोर माणूस उभा करते. बावला तिने जाळून टाकला. पहिल्या तुकडीसमोर मान पुढे देऊन उभी राहायला नंदा कांबळे आली होती.

समितीने आपला अहवाल अद्याप मागे घेतलेला नाही. तेव्हा त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी, दालनाच्या मुद्रणातून, एक शब्दही न वगळता, शशांक रेगे यांचे उत्तर :

“पुतळा मीच ठेवायला सांगितला, ताई. वस्ताद बोलले तेव्हाच मला कळलं, समोर माणूस असला तर तुम्ही हात राखणार, आणि राखलेला हात आज कुणी घेत नाही. दौलतला मी सांगणार होतो, वीतभर मागे उभा राहा म्हणून. पण तो मान पुढे द्यायचा ना, म्हणून तर शॉट चांगला यायचा.”